शेवटच्या माणसाचा हात थांबेपर्यंत

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. मी तिथे होते. डोळ्यांनी पाहिलंय, आणि वास तर अजून नाकातून गेलेला नाही.

गावाचं नाव बदललंय, माणसांचीही बदलली आहेत, कारण मला याच घरात राहायचंय. बाकी जे घडलं ते जसंच्या तसं सांगतेय.

अमावास्येची रात्र, ओसाड बंगला असलं काही शोधत असाल तर ते इथे मिळणार नाही. भर दुपार होती. डिसेंबरातला रविवार. इंदूरपासून तासाभरावरचं सेमलखेडा गाव. बाहेर स्वच्छ ऊन. पत्र्याचं एक मोठं गोदाम आणि आत पंगतीला बसलेली माणसं.

आणि काही जण... जे तिथे असायला नको होते.

मी नीरजा. माहेर स्नेहलतागंजचं, वडील कॉलेजात शिकवायचे. लग्न होऊन राजेंद्र नगरला एका जुन्या घराण्यात आले. यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्याबद्दल मिळालेल्या जमिनीतली थोडी सेमलखेड्यात अजून आहे. तोरा मात्र पूर्ण शिल्लक आहे.

माझे सासरे प्रतापराव. घरात सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. सेमलखेड्याच्या वीज सहकारी समितीचे ते कित्येक वर्षांपासून अध्यक्ष.

ही समिती काय चीज आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फार पूर्वी या भागात सरकारी लाइन येतच नव्हती. तेव्हा आसपासच्या चार गावांनी मिळून स्वतःची समिती काढली. घराघराने वर्गणी भरली, मेंबर झाले. खांबांचे खड्डे लोकांनी स्वतः खणले. तारा त्यांच्या, ट्रान्सफॉर्मर त्यांचे, हायवेकडेचं गोदामही त्यांचंच. आणि एका घराला एकच मत. आबासाहेबांची एवढी शेती, तरी त्यांचं मत एक. गावाबाहेरच्या कुंभाराचंही एक.

गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले की कोणत्या बाजूला कधी थ्री फेज सोडायची, ते सभेत ठरायचं. बोर्डाच्या परीक्षा असल्या की संध्याकाळी लाइन बंद करायची नाही, हेही सभेतच ठरलेलं. तार तुटली तर लाइनमन गावातलाच, हातातला चहा ठेवून निघायचा. आम्ही इंदुरात ॲपवर तक्रार टाकून अंधारात बसतो.

लग्नानंतर पहिल्यांदा मी ती सभा पाहिली तेव्हा एक कुंभारीण उभी राहून माझ्या सासऱ्यांना सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अध्यक्षजी, हमारी डीपी का तेल बरसात से टपक रिया है. आप सुनते काय को नी?"

एका गळक्या ट्रान्सफॉर्मरसाठी आबासाहेबांना उत्तर द्यावं लागलं. मला ते फार आवडलं होतं.

त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

मग एक कंपनी आली. तिला लाइन हवी होती आणि त्याहून जास्त ती हायवेकडेची जागा. त्यासाठी समिती बंद करायला हवी होती. आणि समिती बंद करायची तर दोन तृतीयांश मेंबर सभेला हजर पाहिजेत, हात वर करून हो म्हणायला पाहिजेत, असा समितीचाच नियम.

गाव तयार नव्हतं. कंपनी आपल्या सोयीने लाइन सोडणार, हे लोकांना कळत होतं.

पण आबासाहेबांनी कंपनीला शब्द दिला होता, आणि त्यांच्याकडे त्यांचे खास मेंबर होते.

मेलेले.

मेंबर वारला की त्याची जागा वारसाला द्यायची, असा नियम आहे. आबासाहेबांनी ते कितीतरी वर्षं अडवून धरलं होतं. कुणी विचारायला आलं की "काग़ज़ चल रहे हैं" एवढंच सांगायचे. त्यामुळे समितीत आता जितके जिवंत, जवळजवळ तितकेच मेलेले होते. आणि हजेरीच्या कागदावर मेलेल्यांचे अंगठे कोण उठवायचं, हे वेगळं सांगायला नको.

हे त्यांनीच मला सांगितलं. जेवताना. हसत हसत.

"मेलेला मेंबर सबसे अच्छा मेंबर, सूनबाई. कभी कंप्लेंट नाही करत."

मी भाजी वाढत होते. डाव तसाच भांड्यात ठेवला आणि आत गेले. मला त्या माणसाच्या ताटात काही वाढायची किळस आली होती.

यात माझा नवरा कुठे होता? तिथेच येते.

यशवर्धन औषधांच्या कंपनीत नोकरीला आहे. माणूस चांगला आहे. फक्त वडिलांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आबासाहेबांनी त्याला समितीचा सचिव करून टाकलं होतं, कारण ठराव सचिवाने वाचायचा असतो आणि खाली सहीही त्याचीच लागते.

"मी नाही वाचणार, नीरजा," तो मला म्हणाला होता. "झूठ आहे सगळं. मी सही नाही करणार, पक्का."

"आबासाहेबांना सांगशील?"

"तिथे सांगेन. सभेत."

मला तेवढंच पाहिजे होतं. माझ्या नवऱ्याचा हात त्या घाणीत जायला नको. त्याच एका कारणासाठी मी त्या दिवशी सोबत गेले.

आबासाहेबांचा बेत असा होता. आधी जेवण, मग सभा. दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. तुपात बुडवलेले बाफले पोटात गेले की माणूस पेंगतो, अर्धे लोक घरी जाऊन झोपतात. मग उरलेल्यांत ठराव उरकायचा. आणि कंपनीला दाखवायला व्हिडिओ करायचा, भरलेल्या पंगतीचा.

पण पंगत भरणार कशी? आलेले लोक थोडेच होते.

गोदामात एका बाजूला केबलचे ड्रम आणि जुने ट्रान्सफॉर्मर रचलेले होते. त्यांच्या तेलाचा वास सगळीकडे. मधल्या मोकळ्या जागेत गोणपाटाच्या टाटपट्ट्या अंथरल्या होत्या. नंदू हलवाई पत्तला, म्हणजे पत्रावळी, मांडता मांडता माझ्याकडे आला.

"भाभीजी, इत्ती पत्तलें? आदमी तो आधे भी नी हैं."

आबासाहेबांनी ऐकलं. "लगाओ नंदू, लगाओ. सब मेंबर हैं अपने. सबको परोसना."

मग मला समजावून सांगितलं, "व्हिडिओत पंगत भरलेली दिसली पाहिजे. लोक हात धुवायला गेले आहेत, असं वाटेल."

पुढच्या ओळींत जिवंत माणसं बसली. मागच्या ओळींत नुसत्या पत्तला. त्यांवरही डाळ पडली, गरम बाफले पडले, वरून तूप, बाजूला लाडू, चटणी. कुणासमोर? कुणाच्याही नाही. मेलेल्यांच्या नावाने चांगलं अन्न मातीत घालायचं, आणि तेही फोटोसाठी. मला शिसारी आली.

दारात बेबीबाई उभी होती. तिची ओळख करून देते. शंकरराव म्हणून समितीचे अगदी पहिल्या दिवसांतले मेंबर होते, त्यांची ही सून. नवरा नाही, सासरेही वारले. घरात दूध थंड करायचं छोटं मशीन आहे, गावभराचं दूध तिच्याकडे येतं. सासऱ्यांची मेंबरशिप आपल्या नावावर करा म्हणून ती वर्षानुवर्षं फेऱ्या घालत होती. मेंबर नाही, म्हणून त्या दिवशी तिला पंगतीत बसू दिलं नव्हतं.

तिच्या सासऱ्यांच्या नावाची पत्तल मात्र आत मांडलेली होती!

यशवर्धनने फोन वर धरला. आबासाहेब पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात उभे राहिले. पंगतीत यजमान बोलतो तसे दोन शब्द बोलायची त्यांना हौस फार.

"बिराजो सा! सब आराम से जीमो. अपने यहाँ की रीत है, जब तक आख़िरी आदमी का हाथ नी रुकता, कोई उठेगा नी!"

हे म्हणताना त्यांनी मागच्या ओळींकडे वळून हात जोडले. रिकाम्या जागांना. व्हिडिओसाठी.

आमंत्रण दिलं.

त्या गावात ही रीत खरंच पाळतात. कुणी जेवत असताना आपण उठलो, तर त्याला ताटावरून उठवल्यासारखं होतं. लहान मूलसुद्धा बसून राहतं. म्हातारे लोक माना हलवून जेवायला लागले, आबासाहेबही त्यांच्यात बसले.

मी उभीच होते. मला काही खावंसं वाटत नव्हतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते माश्यांचं. पुढच्या ओळींवर माश्या घोंगावत होत्या. मागे तेवढंच तूप, तेवढेच लाडू...

आणि एकही माशी नाही.

दाराशी एक कुत्रं आलं. हे उघड्यावरचं अन्न पाहून आत घुसणार, म्हणून मी त्याला हाकलायला पुढे झाले. ते मागच्या ओळींकडे बघत राहिलं. मग पोट जमिनीला घासत उलट्या पावली बाहेर गेलं.

हळूहळू पुढच्या लोकांचं जेवण होत आलं. बोलणं थांबलं. एकेकाचा हात थांबला. गोदामात शांतता झाली.

आणि त्या शांततेत...

चप... चप... चप...

कुणीतरी जेवत होतं.

मला वाटलं, कुणी म्हातारा असेल. मी पुढच्या ओळींवरून नजर फिरवली. सगळे हात थांबलेले. सगळे एकमेकांकडे बघत होते.

चप... चप...

मग भुरका मारल्याचा आवाज. डाळीचा. लांब आणि ओला.

आवाज मागून येत होता.

नंदू बादली घेऊन माझ्याजवळ आला. डिसेंबरची थंडी, आणि त्याच्या कपाळावर घाम.

"भाभीजी... उधर दाल मांग रिये हैं."

"कोण?"

"पता नी. मैं निकल रिया था, कान के पास बोला किसी ने. 'दाल लाओ.'"

"मग?"

"मैंने डाल दी," तो म्हणाला. "मांगने वाले को ना कैसे बोलूं?"

मी मागे गेले. का गेले, माहीत नाही. बहुतेक हा आबासाहेबांचाच काही चावटपणा असेल, असं वाटलं.

पहिल्या पत्तलीवरचा बाफला फोडलेला होता.

दुसऱ्या पत्तलीवर डाळीत बोटं फिरल्याच्या खुणा होत्या. मी बघत असताना त्यातली एक खूण लांबली. डाळ बाजूला सरकली. थोडी कमी झाली.

वास आला. अन्नाचा नव्हता. ओल्या मातीचा, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा, आणि त्याखाली काहीतरी कुजल्याचा... बंद पेटीत बरेच दिवस राहिलेलं असावं तसा. मी पदर नाकाला लावला. तो वास पदरातून आत आला.

शेवटच्या ओळीत एका पत्तलीच्या कडेला काहीतरी ठेवलेलं दिसलं. मी वाकले.

चघळून चोथा झालेल्या बाफल्याचे गोळे होते. ओले. लाळेने चकाकणारे. ओळीने मांडून ठेवलेले.

माझ्यासमोर, हवेतून, आणखी एक गोळा तिथे येऊन पडला.

थप्.

मी तोंड दाबून मागे फिरले, तर बेबीबाई माझ्या मागेच उभी होती. दार सोडून आत आली होती. ती त्या गोळ्यांकडे बघत होती.

मग तिने पटकन पदर पुढे ओढून डोक्यावरून घेतला. चेहरा झाकला गेला.

"मामंजी आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना दात नव्हते ना. चोखून असंच बाजूला ठेवायचे. मी रोज उचलायची."

तिच्या आवाजात भीती नव्हती. ती खाली बसली, पदर सावरला, आणि नंदूला म्हणाली, "भिया, इनका बाफला दाल में चूर के दो. नहीं तो तकलीफ होते त्यांना."

नंदूने दिलं.

एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालंही नाही. सगळे आपापल्या पत्तलीसमोर मान खाली घालून बसून राहिले. बोटांवरची डाळ वाळायला लागली होती.

आबासाहेब हसले. हसायचा प्रयत्न केला.

"हवा है, हवा. पत्तलें हिल रही हैं. चलो, उठो सब. सभा सुरू करतो आहोत."

पुढच्या ओळीतला एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, "अध्यक्षजी, जीमना चल रिया है."

"कोण जेवतंय? कुणी नाही तिथे!"

"आपने ही तो बिठाया," म्हातारा म्हणाला.

कुणीच उठलं नाही.

आबासाहेब सगळ्यांच्या मध्ये पाटावर बसले होते. यजमान ना! आपणच रीत सांगितलेली, तीही व्हिडिओत. ते बसून राहिले. आम्ही सगळेच थांबलो. ऊन दारातून सरकत बाहेर गेलं. लोकांचे पाय आखडले. नंदू देत राहिला. डाळ संपली, बाफले संपले, लाडू संपले. त्याने रिकामी बादली उलटी करून दाखवली, त्या मागच्या ओळींना.

तरी ते थांबले नाहीत.

आता वेगळा आवाज येत होता. कोरड्या पानांवर नखं घासल्याचा.

खर्र... खर्र... खर्र...

सगळ्या मागच्या ओळींतून. एकदम.

बाहेर गार वारा सुटला होता. सभा त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत व्हायला हवी होती, तसंच नोटिशीत लिहिलेलं होतं. आबासाहेबांची चुळबुळ वाढली. शेवटी त्यांचा तोल गेला.

"बस झालं!"

ते उठले. खरकट्या हाताने. पंगतीतून एकटे.

"यशवर्धन, वाच! ठराव वाच!"

आणि नखांचा आवाज थांबला.

एकदम.

कुठेच काही आवाज नाही. पत्र्यावरची कबुतरंसुद्धा गप्प.

मग टाटपट्ट्या सळसळल्या. मागची... त्याच्या पुढची... त्याच्या पुढची. पुष्कळ माणसं एकाच वेळी गुडघ्यांवर हात देऊन उठतात, तेव्हा होतो तसा आवाज. वासाची एक लाट अंगावरून गेली. मी भिंतीला टेकले.

आबासाहेबांच्या पांढऱ्या कुर्त्यावर, बरोबर छातीवर, एक डाग उमटला.

पिवळा. तुपकट. पाच बोटांचा.

त्यांनी खाली पाहिलं. दुसरा उमटला, पोटावर, वरून खाली ओढलेला. हात पुसतात ना, तसा. मग बाहीवर. मग पाठीवर. दोन दोन, तीन तीन. कुणी घाईत पुसत होतं, कुणी सावकाश एकेक बोट. खांद्यावर एक छोटा, बाईचा हात उमटला. एकाने त्यांच्या गालाला हात पुसला, आणि गाल दाबला गेलेला मी पाहिला.

ते ओरडले नाहीत. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि कुणीतरी ओठांवरूनही बोटं फिरवली.

ते सगळं उष्टं खरकटं त्यांच्या अंगावरून निथळत होतं. खरं सांगते, मला दया आली नाही. किळस आली फक्त. त्या हातांची कमी, आबासाहेबांची जास्त.

"वाच..." ते पुटपुटले. अजूनही! "यशवर्धन... वाच."

यशवर्धन टेबलाशी उभा होता. हातात ठरावाचा कागद. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कागद टेबलावर पालथा ठेवला.

"नाही, आबासाहेब."

एवढंच बोलला. त्या भयंकर जागी, त्या वासात, मला आनंद झाला. माझा नवरा वाचला, असं वाटलं मला.

लोक उठले आणि न बोलता बाहेर गेले. सभा झालीच नाही. बेबीबाई तेवढी मागे राहिली. तिने सासऱ्यांची पत्तल दोन्ही हातांनी उचलली, चोथ्यासकट, आणि नमस्कार करून बाहेर नेली.

परत येताना गाडीत आबासाहेब बनियनवर बसले होते. कुर्ता डिकीत होता. आम्ही सगळ्या काचा उघड्या ठेवल्या होत्या. तरी वास येत होता.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं.

मलाही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबासाहेब जेवायला बसले. वरण, भात, मेथीची भाजी. त्यांचं जेवण झालं. मी ताट उचलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"थांब," ते म्हणाले. "उठता येत नाही अजून."

"का? पाय दुखतो आहे?"

ते समोरच्या खुर्चीकडे बघत होते. ती रिकामी होती. हळूच, अगदी आदराने म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या. सावकाश होऊ द्या."

दिवेलागणीला उठले.

तेव्हापासून रोज. जेवण दहा मिनिटांचं, आणि बसणं तासन् तास. हातावरचं खरकटं वाळून पापुद्रे पडतात. घरात कुणी नसलं तरी टेबलाशी कुजका वास असतो. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. "उम्र है," म्हणाले.

मी एकदा न राहवून बोलले. "आबासाहेब, सरळ उपाय आहे. मेलेल्यांची नावं काढा. वारसांना द्या त्यांच्या जागा. बेबीबाईला द्या. ते लोक मोकळे होतील, तुम्हीही व्हाल."

खरकटं वाळलेल्या हाताने बसलेल्या त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती होती, पण अक्कल शाबूत होती.

"आणि मग बहुमत कुठून आणू?"

मला वाटलं, याहून घाण मी आयुष्यात काही ऐकणार नाही.

चुकले.

गेल्या आठवड्यात समितीच्या सभेची नवी नोटीस निघाली. तोच ठराव. तीच हजेरी, जिवंत आणि मेलेले सगळे धरून. मला बेबीबाईने फोन करून सांगितलं. रडत नव्हती, रागात होती. "भाभीजी, खाली सचिवजींची सही आहे. आपके साहब की."

संध्याकाळी मी यशवर्धनला विचारलं. तो बुटाची लेस सोडत होता.

"आबासाहेबांची हालत बघवत नाही गं," तो म्हणाला. "समितीच नाही राहिली तर मेंबर कसले? सगळे सुटतील. लवकर उरकून टाकू. बस."

"तू तिथे नाही म्हणाला होतास."

"तेव्हा घाबरलो होतो," तो म्हणाला. "तू काय समजलीस?"

मला त्याच्याशेजारी झोपवलं नाही त्या रात्री.

हे मी आज लिहितेय, कारण काल रविवार होता.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. माझं आटोपलं, मी उठून हात धुऊन आले. आबासाहेब बसलेच होते, नेहमीसारखे. यशवर्धनचंही जेवण झालं होतं. ताट रिकामं, हात थांबलेला.

तो उठला नाही.

"यश?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर टेबलाच्या त्या बाजूला होती. तिथे कुणीच बसलेलं नव्हतं. पण तिथे एक ताट होतं. आमच्याच घरातलं, स्टीलचं, कपाटातून काढलेलं. कुणी मांडलं, मी विचारलं नाही.

चप... चप...

माझा नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "नीरजा, त्यांना भात वाढ."

पळून जावं, सरळ माहेर गाठावं, असं वाटत होतं. मला त्या टेबलाशी बसलेल्या दोघांची किळस येत होती. त्या जास्तीच्या ताटापेक्षाही त्या दोघांची.

पण मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

मी वाढला.